फिल्टरची बदली

भुजंगराव शेजूळ यांच्या घरगाडीत ऑइल फिल्टर अशा ठिकाणी होता, की ज्यानं तो तिथं बसवला त्यानं पुन्हा कुणी तो काढेल असं मनातसुद्धा आणलं नसावं. इंजिन गाडीच्या आतच, ड्रायव्हरच्या शेजारी. इंजिनावर पत्र्याचं झाकण. झाकणाखाली, इंजिनाच्या मागच्या अंगाला, पत्र्याला नाक लावून बसलेला फिल्टर. आणि झाकणाच्या वर, इथं जरा लक्ष द्या, उषाबाईंचा ओटा.

इंजिनावर ओटा कसा, असं कुणीही विचारील. तर ही गाडी जन्मानं घरगाडी नव्हे. ती होती सरकारची फिरती माती परीक्षण प्रयोगशाळा. आत बेसिन, कपाटं, बाटल्या ठेवायच्या फळ्या, सगळं सरकारी. भुजंगराव कृषी अधिकारी म्हणून तिच्यातून जिल्हाभर हिंडले, आणि ते निवृत्त झाले त्याच वर्षी गाडीही निकामी ठरून लिलावात निघाली. दोघं एकाच वर्षी निकामी ठरले म्हटल्यावर भुजंगरावांना तिची माया आली. लिलावात दुसरं एकच गिऱ्हाईक होतं, भंगारवाला, आणि तोही गाडीखाली वाकून बघितल्यावर "घ्या साहेब, तुम्हालाच लखलाभ" म्हणून निघून गेला. भुजंगरावांनी आत पलंग टाकला, पंखा लावला, प्रयोगशाळेचा कट्टा इंजिनाच्या झाकणापर्यंत पुढं ओढून त्यावर कडप्पा टाकला, आणि जालन्यात, मस्तगडच्या आपल्या गल्लीत जाहीर केलं की आता आम्ही दोघं भारत बघणार.

भारत राहू द्या. दोन वर्षांत गाडीनं जालना जिल्हा ओलांडला नव्हता.

वेरूळला निघाले, बदनापूरला बंद पडले. लोणारला निघाले, मंठ्याला बंद पडले. अजिंठ्याला निघाले ते राजूरला, आणि तेही दोनदा. राजूरच्या गणपतीसमोरचा नारळवाला आता त्यांना "आज काय, रेडिएटर का क्लच?" असं विचारूनच नारळ देतो. यात उषाबाईंचं दुखणं असं, की ही सगळी गावं त्यांची नुसती पाहून नव्हे, राहून झालेली. नोकरीभर नवऱ्याच्या बदल्या. मंठ्याला थोरला झाला, भोकरदनला धाकटी, परतूरला गुडघे धरले, घनसावंगीत चष्मा लागला.

"दुसऱ्या बायकांनी सिमला बघितला," त्या म्हणायच्या. "मी पंचायत समित्या बघितल्या. माझं मागणं काय हाय? जिल्ह्याच्या बाहेर न्या. कुठंबी न्या. तिथं उतरवा, बसून दोन घास खाऊ, आणि परत आणा. पण बाहेर न्या."

एवढं साधं मागणं. पण साध्या मागण्या पुऱ्या करायला सरकारी माणसाला जड जातं, मोठ्या कशा भराभर कागदावर तरी होतात.

ओट्याचं प्रकरण आणखी नाजूक होतं. ऑइल बदलायचं म्हणजे शेगडी काढा, कडप्पा उचला, झाकण काढा, मग कल्याण मिस्तरी पोटावर पडून आत हात घालणार आणि इंजिनाला शिव्या देणार. पहिल्या खेपेला कडप्प्याचा कोपरा उडाला. दुसऱ्या खेपेला काळ्या मसाल्याचा डबा इंजिनात सांडला, वर्षाचा मसाला. महिनाभर गाडी तापली की अख्ख्या गल्लीला भरल्या वांग्याचा वास यायचा, शेजारचे तातेराव ताट घेऊन बाहेर यायचेच काय ते राहिले होते. तेव्हा उषाबाईंनी सांगून टाकलं, "ह्या ओट्याला परत कुणी हात लावला, तर ओटा ऱ्हाईल, गाडी ऱ्हाईल, मी ऱ्हाणार न्हाई."

आणि नेमकं ऑइल पुन्हा काळं झालं. त्याच आठवड्यात महिला मंडळाच्या अध्यक्षा बेबीनंदाबाईंनी चिखलदऱ्याची सहल काढली.

"रविवारी बस निघून राह्यली," उषाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या. "मी वर्गणी भरून टाकली. आपली गाडी निघाली तर तिच्यातच चिखलदऱ्याला, तुमच्यासंगं. न्हाई निघाली तर बेबीनंदासंगं."

"म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा न्हाई?"

"तुमच्या गाडीवर पुरा भरवसा हाय. म्हणून तर भरली."

भुजंगरावांना हे फार लागलं. बायको भांडली असती तर चाललं असतं, पण तिनं पर्यायी व्यवस्था केली होती. पर्यायी व्यवस्था म्हणजे काय ते ज्यानं हापिसात जन्म काढला त्यालाच कळतं. तुमच्यावाचून काम होणार, एवढाच त्याचा अर्थ. त्या दिवशी त्यांना भाकरी गोड लागली नाही, तरी तीन खाल्ल्या.

दुपारी पडल्या पडल्या मोबाइलमध्ये त्यांना एक गोरा म्हातारा दिसला. त्याचीही गाडी जुनी, घरगाडीच. त्यानं फिल्टर इंजिनावरून उठवून दोन नळ्यांनी बाहेर, मोकळ्या जागी, छातीच्या उंचीवर आणून बसवला होता. इंजिनावर फिल्टरच्या जागी एक चकती, चकतीला दोन नळ्या. एकीतून ऑइल फिल्टरकडं जायचं, दुसरीतून गाळून परत यायचं. फिल्टर बदलायला म्हातारा खुर्ची टाकून बसला होता आणि दुसऱ्या हातानं कॉफी पीत होता. भुजंगराव ताडकन उठून बसले. अरे, ही तर बदली! अडचणीच्या जागेवरून सोयीच्या जागेवर! असल्या बदलीसाठी लोकांनी चपला झिजवलेल्या त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या, आणि इथं नुसत्या दोन नळ्यांत काम होत होतं.

दुसरा कुणी असता तर सरळ गॅरेजात गेला असता. पण भुजंगरावांनी उभ्या नोकरीत खुर्चीसुद्धा मंजुरीशिवाय हलवली नव्हती. ते गाडीचे कागद बगलेत मारून परिवहनच्या खिडकीवर गेले आणि म्हणाले, "फिल्टरच्या स्थलांतराला परवानगी पाहिजे."

"कशाच्या?"

"ऑइल फिल्टरच्या."

खिडकीतल्या माणसानं त्यांच्याकडं खालून वर बघितलं. "काका, ह्या खिडकीवर लोकं परवानगी लागत असून घेत न्हाईत. तुम्ही कामून मागून राह्यले?"

"नियम काय म्हणतो?"

"नियमाला तुमचा फिल्टर ठाऊकच न्हाई. जा, बसवा कुठंबी."

इथं माणसानं नमस्कार करून निघावं की नाही? भुजंगराव म्हणाले, "तरी एकदा कागद बघून घेतले असते तर..." त्यानं भिडेपोटी कागद बघितले. बघता बघता त्याचा चेहरा बदलला.

"हे काय? इथं तर माती परीक्षण प्रयोगशाळा लिहेल हाय. मंग तुम्ही घरगाडी घरगाडी काय म्हणून राह्यले?"

"आता घरगाडी आहे ती."

"कुणी म्हणलं?"

"मी."

"तुमच्या म्हणण्यानं व्हतं का? आता रीतसर अर्ज, तपासणी, फोटो. तवर गाडी रस्त्यावर आणायची तर आत माती तपासायचं सामान पाहिजे. काका, तुम्ही इचारलं नसतं तर मला ठाऊक नसतं झालं. आता इचारलं, म्हणून सांगावं लागून राह्यलं."

तेव्हा भुजंगरावांनी माळ्यावरच्या जुन्या बाटल्या, नळ्या आणि पावडरी खाली काढल्या आणि गाडीच्या स्वयंपाकाच्या फळीवर मिठा-साखरेच्या शेजारी रांगेनं लावल्या. उषाबाईंनी ते बघून घेतलं. "ह्यातली साखर कोणती तेवढी सांगून ठेवा," त्या म्हणाल्या. "न्हाई तर रविवारी दोन्हीबी सहली व्हायच्या न्हाईत, नुसता दहावा व्हईल."

मागवलेलं सामान दोन दिवसांत दिल्लीहून आलं. चकती, फिल्टरची बैठक आणि दोन नळ्या. आता चकती बसवायची तर जुना फिल्टर काढायचा, म्हणजे झाकण काढायचं, म्हणजे ओटा काढायचा. ओट्याला हात लागू नये म्हणून चाललेल्या कामाची सुरुवात ओटा काढून व्हायची होती. गोऱ्या म्हाताऱ्याला ही अडचण आली नसणार, त्याची बायको व्हिडिओत कुठं दिसली नाही.

पण संकष्टी आली आणि उषाबाई बेबीनंदाबाईंबरोबर राजूरला दर्शनाला गेल्या. त्यांची रिक्षा कोपऱ्यावरून वळते न वळते तोच कल्याण मिस्तरी पान्यांची पेटी घेऊन हजर झाला. कल्याणचं एक होतं, त्याला येत नाही असं काम नव्हतं, आणि एकदा केलेलं काम त्याला पुन्हा करावं लागलं नाही असंही काम नव्हतं. दोघांनी ओटा उचलून शेजारच्या संघपाल सरांच्या ओसरीत नेऊन ठेवला. शेगडी, सिलिंडरही तिकडंच. चकती बसली, झकास बसली. भुजंगराव हात पुसत बाहेर येतात तो दारात उषाबाई. लवकर पोचल्यानं दर्शनाला रांग लागलीच नव्हती म्हणे.

उषाबाईंनी उघडं इंजिन बघितलं. मग संघपाल सरांची ओसरी बघितली. तिथं सरांच्या मंडळी ज्योत्स्नाबाई उषाबाईंच्या ओट्यावर, उषाबाईंच्या शेगडीवर, आपल्या घरच्या दुधाचा चहा करत होत्या.

"या उषाताई," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या, "उंची लई बराबर हाय बघा तुमच्या ओट्याची. कंबर दुखत न्हाई."

उषाबाईंनी चहा घेतला, प्रसादाचा पेढा ज्योत्स्नाबाईंच्या हातावर ठेवला, सरांच्या हातावर ठेवला, कल्याणच्या काळ्या हातावरसुद्धा ठेवला. भुजंगरावांनी हात पुढं केला तेव्हा डबीचं झाकण लागलं होतं. "रविवार ध्यानात ठेवा," एवढंच त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

आता फिल्टर बसवायचा कुठं, यावर गल्ली जमली. विज्ञान शिकवणारे संघपाल सर म्हणाले, पुढं, बंपरजवळ. वारा लागेल, ऑइल गार राहील. कल्याण म्हणाला, ड्रायव्हरच्या सीटखाली. तातेरावांची राजूर रोडला मोसंबीची बाग, त्यामुळं त्यांना सगळं विहिरीच्या हिशोबानं दिसे. ते म्हणाले, "मागच्या दरवाज्याला लावा साहेब. आमचा ठिबकचा फिल्टर बघा, विहीर कुठं, फिल्टर कुठं. माणसाला उभ्यानं धुता आला पाहिजे." उभ्यानं हा शब्द भुजंगरावांना पटला. अधिकाऱ्यानं वाकून का करावं? मागच्या दाराशेजारी, छातीच्या उंचीवर, रस्त्यानं येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी बैठक ठोकली. नवा फिल्टर चढवला. बघणारे मागं सरकून बघत होते. शोभा आली होती, यात वाद नाही.

मग नळ्या जोडायला घेतल्या. दिल्लीच्या नळ्या हात-हातभर. इंजिन गाडीच्या नाकाशी, फिल्टर शेपटाशी, मधे अख्खा संसार. कल्याणनं एक नळी इंजिनाला धरून बघितली, ती ड्रायव्हरच्या सीटमागंसुद्धा पोचेना.

ट्रॅक्टर-पोकलेनचे होज, म्हणजे जाड रबरी नळ्या, करून देणाऱ्या दुकानात चौकशी केली, दुकानदार म्हणाला मंगळवारी देतो. मंगळवारी उषाबाई चिखलदऱ्याहून परतलेल्या असणार होत्या, त्याही दुसऱ्याच्या बसनं.

"माझ्या शेडमधी बंडल पडून हाय," तातेराव म्हणाले. "ठिबकचा. नवाकोरा, नुसती माती बसेल हाय."

"अहो, ते पाण्याचं," कल्याण म्हणाला. "हे ऑइल हाय. ऑइल तापतंय."

"आन रान तापत न्हाई?" तातेराव उसळले. "मे महिन्यात उघड्यावर पडेल राह्यतो पाईप. कोण म्हणलं व्हतं आमच्या गावात, माईक घेऊन, की हा पाईप बिलकुल दगा देत न्हाई? सांगा साहेब, कोण म्हणलं व्हतं?"

साहेबच म्हणाले होते. एका गावात नव्हे, सगळ्या तालुक्यांत, आणि प्रत्येक ठिकाणी टाळ्या पडल्या होत्या. आता संघपाल सर, कल्याण आणि अर्धी गल्ली त्यांच्या तोंडाकडं बघत होती. इथं नाही म्हणायचं म्हणजे पस्तीस वर्षांच्या नोकरीला नाही म्हणायचं. संघपाल सरांनी मधल्या काळात भिंतीवर विटकरीच्या तुकड्यानं गणित मांडलं होतं. "दाब सोसेल," ते म्हणाले. "मात्र तापमान मी धरलेलं न्हाई." यातले पहिले दोन शब्द सगळ्यांना ऐकू आले आणि पुढचं कुणाला ऐकायचं नव्हतं.

"आणा बंडल," भुजंगराव म्हणाले.

दोन पाईप गाडीच्या पोटाखालून पुढून मागं गेले, क्लिपा आवळल्या, ऑइल भरलं. गल्लीतल्या माणसांना मागं सारून कल्याणनं चावी फिरवली. इंजिन लागलं, पण ऑइलच्या दाबाचा लाल दिवा काही विझेना. कल्याण म्हणाला दिवा खराब. संघपाल सर म्हणाले हवा अडकली. तातेराव म्हणाले मोटर चालू केल्यावर पाणी यायला टाइम लागतोच. शेवटी भुजंगरावांनीच इंजिन बंद करायला लावलं आणि बैठकीवरचे बाण बघितले. कल्याणनं जायचा पाईप परतीच्या तोंडाला आणि परतीचा जायच्या तोंडाला जोडला होता.

"बाण इंग्रजी हायत," कल्याण म्हणाला.

बाणाला भाषा नसते, हे त्याला कुणी सांगितलं नाही, कारण अदलाबदल करायला तोच लागणार होता. त्यानं पाईप बदलले, पुन्हा चावी फिरवली, आणि लाल दिवा गपकन विझला. फिल्टर थरथरला, पाईप जरा ताठ झाले. कुठं थेंब नाही. सगळे वाकून वाकून बघत होते, एक थेंब नाही! तातेरावांनी भुजंगरावांना मिठी मारली. इंजिन गार होतं आणि ऑइल काकवीसारखं घट्ट होतं, ही गोष्ट त्या आनंदात कुणी मोजली नाही. ओटा परत आला, कडप्पा बसला, शेगडी लागली. उषाबाई मागच्या दाराशी गेल्या, त्यांनी फिल्टरवर बोट फिरवलं, बोट बघितलं. कोरडं होतं.

"म्हणजे आता ओटा काढायचा न्हाई?"

"परत कधीच न्हाई."

"मंग येते तुमच्यासंगं," त्या म्हणाल्या, आणि प्रसादाची डबी त्यांच्यापुढं उघडली.

रविवारी सकाळी गाडी निघाली तेव्हा मंडळाची बस अजून दोन बायका वेणी घालतायत म्हणून थांबलेली होती. बेबीनंदाबाई खिडकीतून ओरडल्या, "उषाबाई, पुढं व्हा! आम्ही त्याच रस्त्यानं येऊन राह्यलो. कुठं दिसलात तर उचलून घेऊ!" यावर बस हसली. भुजंगरावांनी ऐकलं नाही असं दाखवून गियर टाकला.

देऊळगाव राजाचा रस्ता. गाडी अशी धावत होती, की भुजंगरावांना मनातून भीती वाटायला लागली. उषाबाई पुढच्या सीटवर, पदर खोचून, उघड्या खिडकीत कोपर टाकून बसल्या होत्या. दोन्ही बाजूंना तूर आणि कपाशी, जी त्यांनी जन्मभर पाहिली होती, तीच; पण आज त्या ती अशी बघत होत्या जशी कुणी त्यांच्यासाठी मुद्दाम लावली.

"अहो," त्या म्हणाल्या, "हद्द कुठं लागती?"

"हे काय, आलीच."

"मला सांगा बरं का. मला ती बघायची हाय. झोप लागली तर उठवा."

"दिवसाढवळ्या कशाला झोप लागेल?"

"सुखानं लागती कधी कधी," त्या म्हणाल्या. भुजंगरावांनी उगाच हॉर्न वाजवला. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपण बायकोला सुख दिल्याचं ते तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते, आणि तेही गाडी चालू असताना.

तेवढ्यात एक मोटरसायकलवाला बरोबरीनं आला. "काका!" तो ओरडला. "मागं सडा पडून राह्यला!"

"कसला सडा?"

"काळा!"

भुजंगरावांनी समोर बघितलं. लाल दिवा मिचकत होता, मग लागलाच. त्यांनी झटक्यात इंजिन बंद केलं, एवढी अक्कल त्यांनी दाखवली हे त्यांच्या बाजूनं लिहायला पाहिजे. गाडी घरंगळत जाऊन रस्त्याच्या कडेला थांबली. ते उतरले, गुडघे टेकले, मग पोटावर झाले आणि खाली बघितलं.

तातेरावांचा पाईप साधा नव्हता. इनलाइन होता. ज्याच्या पोटात ठराविक अंतरावर थेंब सोडणारे ड्रिपर बसवलेले असतात, तो. वरची माती ऑइलनं धुऊन निघाली होती आणि बारीक बारीक भोकं आता स्वच्छ दिसत होती. गार ऑइल घट्ट म्हणून आत राहिलं. तापून पातळ झालं तसं प्रत्येक भोकातून थेंब निघाला होता. टप. टप. टप. पुढच्या भोकातून जेवढा, मागच्या भोकातून तेवढाच, दोन्ही पाईपांवर, इंजिनापासून फिल्टरपर्यंत. भुजंगरावांनी माईकवर जन्मभर हेच सांगितलं होतं, की पहिल्या झाडाला मिळेल तेवढंच शेवटच्या झाडाला मिळेल. पण इतकं सारखं ठिबकताना त्यांनी कधी कुणाच्या शेतात पाहिलं नव्हतं. गाडीखाली पडल्या पडल्या त्यांच्या तोंडून निघून गेलं, "वा!"

"काय वा?" वरून उषाबाईंचा आवाज आला.

मग त्यांना रडूच कोसळायचं बाकी राहिलं. पाईप मधे मधे फुगून केळीसारखा झाला होता. ते बाहेर निघाले, शर्ट पुढून काळा, कपाळावर एक थेंब. समोर, हाकेच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला निळी पाटी उभी होती. तिच्यावर जालना जिल्ह्याची हद्द संपल्याचं लिहिलं होतं.

"तीच का ती?" उषाबाईंनी विचारलं.

"तीच."

उषाबाई पाटीकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर भुजंगरावांनी ठिबकवर काही तरी बोलून वेळ निभावली असती. मागून हॉर्न आला आणि मंडळाची बस खच्चून भरून, गाणी म्हणत, त्यांच्या शेजारी येऊन थांबली. गाणं बंद पडलं. खिडक्यांतून बायकांची डोकी निघाली, काही जणींनी नाकाला पदर लावले.

"म्हणलं व्हतं ना उचलून घेऊ!" बेबीनंदाबाई दारात येऊन म्हणाल्या. "चला उषाबाई, खिडकीची जागा ठेवली तुमची. साहेब, तुम्ही मिस्तरीला बोलवा. लेडीज बस हाय, न्हाई तर तुम्हालाबी घेतलं असतं."

उषाबाईंनी नवऱ्याकडं बघितलं. भुजंगरावांच्या डोक्यात ओट्याचं, उन्हाचं, पाईपचं, तातेरावांचं पुष्कळ आलं, पण त्यांनी ते बाजूला सारलं.

"जा तू," ते म्हणाले. "खरंच जा. माझ्यानं न्हाई व्हत. मी तुला हद्दीपर्यंतच आणू शकलो. माझ्यापायी आणखी थांबू नको."

उषाबाई बसच्या पायऱ्या चढल्या. दार लागलं. भुजंगराव गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि जमिनीकडं बघायला लागले. त्यांना वाटलं, बायको आपल्याला सोडून गेली हे समजू शकतं, गल्लीला समजावता येईल. पण ती गेल्यावर आपल्याला एवढं पोरकं वाटेल हे आधी ठाऊक असतं, तर मंगळवारपर्यंत थांबलो असतो आणि होजच लावले असते. आत बसमधे गलका उठला होता. कुणीतरी "असं कुठं असतं का!" म्हणत होतं, कुणीतरी खो खो हसत होतं. बस हलली मात्र नाही.

दार पुन्हा उघडलं आणि उषाबाई उतरल्या. हातात पत्रावळीच्या दोन पुड्या, वर लाडवांची पिशवी.

"काय झालं?" भुजंगराव म्हणाले.

"वर्गणीत जेवण धरेल हाय. मी भरेल हाय. जेवण कामून सोडू? आन एक पुडी तुमची. माझी सीट रिकामी सोडून राह्यले, त्याच्या बदल्यात घेतली. बेबीनंदा देत नव्हती. मी म्हणलं, मंग बसतेच सीटवर, ह्यांनाबी मांडीवर घेऊन."

"अगं, पण तू गेली असतीस..."

"गप ऱ्हावा. मंठ्यात सामान उतरवलं तुमच्यासंगं, परतूरला उतरवलं, घनसावंगीत भर पावसात उतरवलं. आन पह्यल्यांदा बाहेर पाय टाकायचा, तो बेबीनंदासंगं टाकू?" एवढं बोलून त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच काढला.

बस गाणं म्हणत निघून गेली. भुजंगरावांनी नाक ओढलं, गाडीतून सतरंजी काढली आणि गाडीच्या सावलीत, तेल नाही अशी जागा बघून अंथरायला घेतली. वर बघतात तो उषाबाई पुड्या घेऊन रस्त्यानं चालायला लागलेल्या. त्या पाटीपाशी गेल्या, पाटीच्या पलीकडं गेल्या, तिथं बाभळीखाली एक दगड पदरानं झटकला आणि बसल्या.

"अगं, इकडं ये की!" भुजंगराव ओरडले. "इथं सावली बरी आहे! पाणी इथं आहे!"

"तुम्ही इकडं या!" उषाबाई तिकडून ओरडल्या. "तिकडं जालना हाय. मी तिथं जेवणार न्हाई!"

भुजंगरावांनी सतरंजीची घडी घातली, पाण्याची कॅन उचलली आणि ते बुलढाणा जिल्ह्यात जेवायला गेले.